गेटवर कोण बोलणार?

रायपूर सोडून गाडी बिलासपूरच्या वाटेला लागली की उरकुरा येतं, मग मांढर. नागपूरहून निघालेला प्रवासी एव्हाना चार-पाच तास बसून कंटाळलेला असतो. बाहेर भाताची खाचरं पसरलेली दिसतात आणि खाचरांच्या मागे धुराड्यांची रांग. ही सिलतऱ्याची धुराडी. रस्त्याने गेलं तर रायपूर-बिलासपूर महामार्गावर, धरसीवा तालुक्यात हा सगळा पसारा लागतो. स्पंज आयर्न, पेलेट, पोलाद, फेरो अलॉय, सळ्या आणि या सगळ्याला लागणारी वीज, असं सारं काही इथे एकमेकांना खेटून तयार होतं. गोदावरी पॉवर अँड इस्पात, सारडा एनर्जी अँड मिनरल्स ही इथली मोठी नावं. तिसरं नाव मराठी वाचकाच्या ओळखीचं असेल, जायसवाल नेको. त्या कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय नागपुरात हिंगणा एमआयडीसीत आहे आणि तिचा पोलाद कारखाना सिलतऱ्यात.

उद्योजकाने माध्यमांशी आणि लोकांशी कसं बोलावं, हा या अंकासाठी आलेला विषय. त्यासाठी मुंबई-पुण्याच्या हॉटेलांतल्या कार्यशाळा सहज सापडल्या असत्या. तिथे कॅमेऱ्यासमोर कसं बसायचं, तीस सेकंदांत मुद्दा कसा मांडायचा, अडचणीच्या प्रश्नावरून आपल्या मुद्द्याकडे कसं वळायचं, हे शिकवतात. ते निरुपयोगी नाही. पण ज्या उद्योजकाच्या कारखान्याला लागून गाव आहे, त्याच्यासमोर कॅमेरा वर्षातून एखाद्या वेळी येतो. गाव रोज सकाळी समोर असतं. उद्योजकाला बोलणं जमतं की नाही, हे सिलतऱ्यासारख्या ठिकाणी जास्त स्पष्ट दिसतं.

करिया धुर्रा

सांकरा, सोंडरा, मांढर, सिलतरा. आजूबाजूच्या गावांत छपरावर रखिया बडी वाळत घालण्याची पद्धत आहे. कोहळ्याचा कीस आणि उडदाची डाळ यांचे पांढरे गोळे दोन-तीन दिवस उन्हात ठेवायचे. गावातल्या बायका कारखान्याचं मोजमाप या बडीवरूनच करतात. सकाळी ताट उचललं आणि गोळ्यांवर काळे कण दिसले, की रात्री काय झालं ते त्यांना कळतं. तरियाच्या, म्हणजे तळ्याच्या पाण्यावर येणारी साय, झाडांच्या पानांचा उडालेला रंग, अंगणात झाडून काढलेला करिया धुर्रा, म्हणजे काळी धूळ, हे सगळे त्यांचे पुरावे.

हा धुर्रा येतो कुठून, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं बोलणं कळणार नाही. कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्न कारखान्यात एक लांबलचक, किंचित कललेली, सावकाश फिरणारी नळकांडी भट्टी असते. एका टोकाने लोहखनिज, कोळसा आणि डोलोमाइट आत जातात. सुमारे हजार अंश तापमानात कोळशामुळे खनिजातला प्राणवायू निघून जातो आणि दुसऱ्या टोकाने सच्छिद्र लोखंड बाहेर पडतं. भट्टीतून निघणारा गरम, धुळीने भरलेला वायू आधी बॉयलरकडे जातो आणि त्याच्यावर वीज तयार होते. मग तो ईएसपीत येतो. ईएसपी म्हणजे पत्र्यांच्या रांगा असलेला एक प्रचंड पेटारा. उच्च दाबाच्या विजेमुळे धूळ पत्र्यांना चिकटते, हातोडे पत्र्यांवर ठोके देतात आणि धूळ खालच्या हॉपरमध्ये पडते. स्वच्छ झालेला वायू धुराड्यातून वर जातो.

वीज गेली, बॉयलर बंद पडला किंवा भट्टी नव्याने पेटवली, तर हा मार्ग तुटतो. अशा वेळी आपत्कालीन धुराड्याची टोपी उघडते. कारखान्यातली माणसं तिला नुसतं ‘कॅप’ म्हणतात. कॅप उघडली की वायू ईएसपीला वगळून थेट आकाशात जातो. दहा मिनिटांच्या काळ्या लोटाने तीन गावांच्या बड्या खराब होतात.

गावकऱ्यांचा आरोप वर्षानुवर्षं एकच आहे. वीज वाचवायला रात्री ईएसपी मुद्दाम बंद ठेवतात. कारखान्याचं ठरलेलं उत्तरही एकच आहे. आमचं उत्सर्जन मर्यादेत आहे. कोळशावरच्या स्पंज आयर्न भट्टीला धुळीची मर्यादा घनमीटरला १०० मिलिग्रॅम आहे, ती २००८ च्या अधिसूचनेने ठरली. २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषक उद्योगांना धुराड्यावर सतत मोजणारी यंत्रं बसवायला लावली. त्यामुळे अधिकारी ठामपणे आकडा सांगू शकतो, आणि तो आकडा खराही असू शकतो. तरी समोरचं समाधान होत नाही. कारण बाईने विचारलेलं असतं मंगळवारच्या रात्रीबद्दल, आणि तिला ऐकवली जाते महिन्याची सरासरी.

खरं तर कंट्रोल रूममध्ये प्रत्येक ट्रिपची, म्हणजे यंत्रणा बंद पडण्याची, नोंद होते. किती वाजता वीज गेली, कॅप किती मिनिटं उघडी होती, ईएसपी पुन्हा कधी चालू झाला. मालकाने किंवा कारखाना प्रमुखाने ग्रामपंचायतीत बसून एवढंच सांगितलं की गेल्या महिन्यात कॅप इतक्या वेळा उघडली, या या रात्री, या कारणाने, आणि ती कमी व्हावी म्हणून अमुक काम अमुक तारखेपर्यंत होईल, तर बोलण्याची तऱ्हाच पालटेल. त्यात वक्तृत्वाचा भाग फार थोडा आहे. माहिती कारखान्यातच पडून असते आणि ती बाहेर न्यायचा निर्णय फक्त वरचा माणूस घेऊ शकतो. जनसंपर्क अधिकाऱ्याला कितीही चांगलं बोलता येत असलं, तरी हा निर्णय त्याच्या हातात नसतो.

पहिले बारा तास

२६ सप्टेंबर २०२५ रोजी सिलतऱ्यात गोदावरी पॉवर अँड इस्पातच्या कारखान्यात अपघात झाला आणि सहा जण दगावले. बातमी संध्याकाळपर्यंत देशभर पोहोचली.

अशा दिवशी कुठल्याही कारखान्यात एकाच वेळी चार ठिकाणी बोलावं लागतं. शेअर बाजाराला कळवावं लागतं. सेबीच्या सूचीबद्धता नियमांतल्या ३० व्या नियमानुसार महत्त्वाची घटना कंपनीच्या आतली असेल तर बारा तासांत आणि बाहेरून उद्भवली असेल तर चोवीस तासांत ती जाहीर करायची असते. कारखाना निरीक्षकाला आणि पोलिसांना ताबडतोब कळवावं लागतं. पत्रकार फोनवर असतात. आणि गेटवर माणसं जमलेली असतात. ओडिशा, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि आसपासच्या गावांतून आलेल्या कामगारांचे भाऊ, बायका, खोलीतले साथीदार. त्यांना एकच गोष्ट हवी असते. आपला माणूस आत आहे का, आणि असेल तर कसा आहे.

या चौघांपैकी घड्याळ लावून ठरलेली मुदत गुंतवणूकदाराला आहे. गेटवरच्या बाईसाठी अशी मुदत कोणत्याही नियमात नाही. म्हणून तिच्यासाठी वेळ कारखान्याच्या प्रमुखालाच ठरवावी लागते, आणि ती अपघाताच्या आधी ठरवलेली असावी लागते. गेटवर कोण उभं राहील? दर किती वेळाने बाहेर येऊन सांगेल? नवं काही कळलं नसेल तरीही येईल का? नावं सांगण्याआधी घरच्यांना कोण गाठेल? कंत्राटी कामगारांची त्या पाळीची यादी कोणाच्या हातात आहे? शेवटचा प्रश्न सगळ्यांत बोचरा. पोलाद कारखान्यात देखभालीचं काम बहुधा ठेकेदाराची माणसं करतात आणि त्यांची हजेरी ठेकेदाराच्या मुनशीजवळ असते. मुनशी सापडला नाही तर कंपनीला स्वतःच्या आवारात कोण होतं तेही सांगता येत नाही. अशा वेळी प्रमुख कितीही संयमाने बोलला तरी तो काही लपवतोय, असंच दिसतं.

याच छत्तीसगढमध्ये २३ सप्टेंबर २००९ रोजी कोरब्यात बाल्कोच्या वीज प्रकल्पाची बांधकाम चालू असलेली चिमणी कोसळून चाळीसहून अधिक मजूर गेले. तिथेही काम ठेकेदार आणि उपठेकेदारांमार्फत चाललं होतं. मालक कंपनी, बांधणारी कंपनी आणि मजूर पुरवणारा यांच्यात जबाबदारी वाटली गेली की बोलायची जबाबदारीही वाटली जाते आणि शेवटी कोणाचीच उरत नाही.

संकटात पत्रकारांना दूर ठेवण्याऐवजी जागेवर नेण्याची रीत मात्र जुनी आहे. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात पडली आणि ५३ माणसं दगावली. त्या काळी रेल्वे कंपन्या अपघात दाबून टाकत. आयव्ही ली या पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या सल्लागाराने कंपनीला निवेदन काढायला लावलं आणि वार्ताहरांना अपघाताच्या जागी नेण्याची सोय केली. ते निवेदन ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जसंच्या तसं छापलं. आज जगभर जे प्रेसनोट नावाने चालतं, त्याची सुरुवात बरेच जण तिथे मानतात. पुढे हीच प्रेसनोट वार्ताहराला गेटबाहेर ठेवण्याचं साधन झाली, ही वाईट गोष्ट.

आपल्याकडे वेळेवर न बोलण्याचा धडा भोपाळने दिला, आणि तो भयंकर होता. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथल्या कारखान्यातून वायू पसरला, तेव्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांना सुरुवातीला कारखान्याकडून कळलं की तो फक्त झोंबणारा आहे, जीवघेणा नाही. ओलं फडकं तोंडावर धरावं, एवढी साधी सूचनाही वस्तीला आधी कोणी दिलेली नव्हती. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली आणि कलम ४१-ख आलं. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्याने धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपास राहणाऱ्या सामान्य लोकांना द्यायची, आपत्कालीन आराखडा त्यांना समजावून सांगायचा, अशी सक्ती त्याने केली. त्या कायद्याच्या परिशिष्टात लोहपोलाद आणि फेरो अलॉय उद्योगांचं नाव होतं. आता त्या अधिनियमाची जागा नव्या श्रम संहितेने घेतली आहे आणि हे कर्तव्य तिच्यातही आहे. म्हणजे सांकऱ्याच्या माणसाला आपल्या शेजारच्या भट्टीत काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर कुठल्या दिशेने जायचं, हे सांगणं ही मालकाची मेहेरबानी नव्हे. आराखडे असतात, छापलेले, बांधलेले, सही केलेले, पण ते कपाटात.

मंडपातली सुनवाई

मोठा कारखाना काढायचा किंवा वाढवायचा म्हटलं की २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार जनसुनावणी घ्यावी लागते. मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना त्यातून सूट मिळण्याची तरतूद आहे, पण वसाहतीच्या कुंपणाबाहेर सुनावणी सहसा टळत नाही. रायपूर-बलौदाबाजार-रायगढ पट्ट्यात तिला सगळे जनसुनवाई म्हणतात. उद्योजकाच्या बोलण्याची याहून उघडी परीक्षा दुसरी नाही.

तिची रचना बारकाईने केलेली आहे. निदान तीस दिवस आधी सूचना द्यायची, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेच्या दैनिकात. वर्तमानपत्र पोहोचत नसेल तिथे दवंडी पिटायची. छत्तीसगढच्या गावात हे काम कोटवार, म्हणजे गावचा चौकीदार, करतो आणि तो अजूनही मुनादी देतो. अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत उपलब्ध ठेवायचा. सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा प्रतिनिधी चालवतो, शेजारी प्रदूषण मंडळाचा माणूस बसतो. सगळ्याचं चित्रीकरण होतं. गणसंख्येची अट नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी होते. सुरुवातीला अर्जदाराचा प्रतिनिधी प्रकल्प सांगतो, मग हजर असलेल्या प्रत्येकाला बोलायची संधी असते. शेवटी झालेलं बोलणं स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं, असं नियम म्हणतो.

मंडप शाळेच्या मैदानावर पडतो. पुढे सोफे, मागे लाल खुर्च्या, कडेला पोलीस. प्रकल्प सांगायला बहुतेक वेळा उभा राहतो तो पर्यावरण सल्लागार, हैदराबाद किंवा नागपूर-भुवनेश्वरहून आलेला. तो स्लाइड वाचतो. टीपीडी, मेगावॅट, पीएम टेन, ग्रीन बेल्ट तेहतीस टक्के. हिंदीत बोलत असला तरी ती कागदावरची हिंदी असते. मग माइक गावाकडे येतो आणि मंडपाची भाषा छत्तीसगढी होते. बोअरवेल आटल्या, तरियात मासे मरतात, पोराला आयटीआय करूनही गेटपास मिळत नाही, ट्रकांनी रस्ता उखडला. याच रांगेत कंपनीने आणलेले समर्थकही असतात. ‘मी समर्थन करतो’ एवढं एक वाक्य बोलून ते खाली उतरतात आणि सगळ्या मंडपाला ते कळतं.

इथे मालक स्वतः उभा राहिला तर काय फरक पडतो? अनेक मालकांना सल्ला मिळतो की समोर जाऊ नका, तोंड पोळेल. हा सल्ला चुकीचा आहे. सल्लागाराला बोअरवेलबद्दल शब्द देता येत नाही, कारण त्याच्या शब्दाला किंमत नसते. मालक म्हणू शकतो की उन्हाळ्यात भूजल घेणार नाही, किंवा म्हणू शकतो की घ्यावं लागेल आणि इतकं घेऊ. दोन्ही उत्तरांवर गाव भांडू शकतं, पुढच्या सुनावणीत तेच उत्तर त्याच्यासमोर धरू शकतं. चित्रीकरण झालेलं असतं, इतिवृत्तात नोंद असते. बांधलं जाण्याची ही भीती पोटात असते म्हणूनच सल्लागार पुढे केला जातो. पण बांधून घ्यायची तयारी नसलेल्या माणसाला कुठली कार्यशाळा बोलायला शिकवणार?

वाडीवरची खबर

उद्योजकाने लोकांशी कसं बोलावं, हा प्रश्न मराठी माणसाला नवा वाटायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं गेली. तो समज खोडून काढण्यासाठी नांगर शिवारात नेऊन चालवून दाखवावा लागला. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. संपादक शंकरराव किर्लोस्कर, हाडाचे चित्रकार. कारखान्याची, यंत्रांची, ग्राहकांची खबर देणारं हे पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आलं. नांगराच्या कारखान्याने मराठी घरांत सुधारणेची चर्चा नेली. आपला माल घेणाऱ्या माणसाच्या डोक्यात आणखी काय चाललंय, यात त्या मालकांना खरोखर रस होता. आज कंपन्यांच्या गुळगुळीत गृहपत्रिका चाळल्या तर अध्यक्षांचे सत्कार आणि वृक्षारोपण यापलीकडे काही सापडत नाही.

छत्तीसगढच्या पत्रकारितेचा पायाही एका मराठी घरातल्या माणसाने घातला. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा इथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. ते तीनच वर्षं चाललं. पुढे नागपूरहून त्यांनी ‘हिंदी केसरी’ चालवला, ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या मुलखात मराठी घरं आहेत, पुढे भिलाईच्या पोलाद कारखान्याने आणखी आली. त्यांतली बरीचशी घरी मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी बोलतात. सिलतऱ्याच्या कारखान्यांत पर्यवेक्षक आणि अभियंता म्हणून काम करणारा असा तिन्ही भाषा येणारा माणूस मंडपात बोलला तर गाव ऐकतं. व्यवस्थापन त्याला बोलायला पाठवत नाही, कारण त्याचा हुद्दा लहान असतो.

धरसीव्याचा वार्ताहर

रायपुरात ‘देशबंधु’, ‘नवभारत’, ‘हरिभूमि’ अशी भक्कम हिंदी दैनिकं आहेत. पण सिलतऱ्याची बातमी आधी पोहोचते ती तालुक्याच्या वार्ताहराकडून, आणि आता मोबाइलवर यूट्यूब वाहिनी चालवणाऱ्या पोरांकडून. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो किंवा नावाला असतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि दिवाळीला त्याने जाहिराती आणायच्या, त्यावर त्याचं कमिशन. ज्या कारखान्याच्या धुराची बातमी द्यायची, त्याच कारखान्याकडे शुभेच्छांची पाव पान जाहिरात मागायची, अशा कात्रीत तो सापडलेला असतो. कारखान्यालाही ही व्यवस्था सोयीची वाटते. जाहिरात दिली की संवाद झाला, अशी समजूत होते. मग अपघाताच्या दिवशी लक्षात येतं की या माणसाशी आपण कधी कारखान्याबद्दल बोललोच नाही. त्याला भट्टी आणि बॉयलरमधला फरक माहीत नाही, म्हणून ‘बॉयलर फटा’ अशी बातमी जाते.

त्याला एकदा आत नेऊन दाखवणं, ईएसपीचा हॉपर उघडून राख दाखवणं, कॅप कधी आणि का उघडते हे समजावणं, यावर मालकाची एक दुपार खर्ची पडते. एवढं करूनही तो विरोधात लिहू शकतो. लिहू द्यावं. भोपाळमध्ये राजकुमार केसवानी नावाच्या तरुण पत्रकाराने आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकातून १९८२ मध्येच, दुर्घटनेच्या दोन वर्षं आधी, कारखान्याच्या धोक्याबद्दल लिहिलं होतं. स्थानिक पत्रकार अनेकदा कंपनीच्या सुरक्षा विभागाआधी बोलतो, कारण कामगार त्याच्या ओट्यावर येऊन बसतात.

बोलायला उशीर झाला की किती महाग पडतं, ते २०१५ मध्ये नेस्लेने अनुभवलं. मॅगीतल्या शिशाचा प्रश्न उत्तर प्रदेशातून उठला. कंपनी सुरुवातीला तांत्रिक भाषेत आणि थोडक्यात बोलत राहिली. ५ जूनला कंपनीचे जागतिक प्रमुख पॉल बुल्के दिल्लीत पत्रकारांसमोर आले तो दिवस आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या बंदी आदेशाचा दिवस एकच ठरला. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली. कायद्यात कंपनीची बाजू टिकली, पण तोवर मॅगी दुकानांतून गेली होती. ती परतली नोव्हेंबरमध्ये, भारतातले नवे प्रमुख सुरेश नारायणन यांच्या काळात.

सिलतऱ्यातल्या कारखान्याला एवढ्या मोठ्या मंचाची गरज नाही. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यायचा असतो. अधिसूचनेनुसार तो सार्वजनिक दस्तऐवज आहे आणि मागेल त्याला प्रत मिळायला हवी. झाडं किती जगली, धुराड्यातली धूळ किती, पाणी किती घेतलं, गावासाठी कबूल केलेला खर्च कुठे झाला, हे सगळं त्यात असतं, इंग्रजीत.  कोणी कारखाना प्रमुख त्याची चार पानं सोप्या हिंदीत करून सांकऱ्याच्या ग्रामसभेत स्वतः वाचून दाखवणार असेल, तर कोटवार मुनादी द्यायला आहे. आणि कोणी वाचलं नाही, तर पंचायतीने लेटरहेडवर दोन ओळींचा अर्ज करून तो मागावा.